चालतंय ते बदलायचं का? ऑफिसातल्या जुन्या डेटाबेसचा निर्णय कसा घ्यायचा

गेल्या पावसाळ्यात ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपच्या ऑफिसात बसलो होतो. पंप आणि मोटर दुरुस्तीचं काम. खाली वाइंडिंग चालतं, वार्निशचा वास वरपर्यंत येतो, आणि वरच्या माळ्यावर तीन संगणक आहेत. त्या तिन्हींवर २००२ साली कुणीतरी ॲक्सेसमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, बनवून दिलेला प्रोग्राम चालतो. पंप आला की जॉब नंबर टाकायचा. गिऱ्हाईक कोण, किती हॉर्सपॉवर, तांबं किती किलो लागलं, माल कधी दिला, बिल किती. तेवीस वर्षांच्या नोंदी. मालकांनी मला बोलावलं ते एवढंच विचारायला: "चालतंय ना व्यवस्थित? मग बदलायचं कशाला?"

मला हा प्रश्न रास्त वाटतो. तेवीस वर्षं रोज उपयोगी पडलेली वस्तू कुणी "जुनी झाली" म्हटलं म्हणून टाकून द्यायची नसते. तरीही मी तिथल्या तिथे उत्तर दिलं नाही, कारण स्क्रीनवर एक गोष्ट दिसली. एका जॉबसमोर 'स्थिती' या रकान्यात ९ आकडा होता. मी विचारलं, ९ म्हणजे काय? कोपऱ्यातल्या टेबलावरचे काका, जे पहिल्या दिवसापासून हा प्रोग्राम वापरतायत, म्हणाले, "गिऱ्हाईक पंप न्यायला आलंच नाही, भंगारात काढला, पण त्याचा ॲडव्हान्स परत द्यायचा बाकी आहे." प्रोग्रामात हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. मालकांनाही माहीत नव्हतं. आणि काका डिसेंबरात निवृत्त होणार होते.

जुना डेटाबेस बदलायचा की नाही, याचं माझं उत्तर त्या ९ आकड्याभोवती फिरतं. ते कसं, हे जरा सावकाश सांगतो.

नेमकं जुनं काय झालंय?

"डेटाबेस जुना झाला" म्हटलं की एकच वस्तू जुनी झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात तिथे चार वस्तू एकावर एक रचलेल्या असतात आणि प्रत्येकीचं वय वेगळं असतं. सगळ्यात आत असते ती माहिती: गिऱ्हाइकं, जॉब, रकमा. ती लिहिणारं आणि शोधून देणारं यंत्र म्हणजे इंजिन: ॲक्सेसचं जेट, फॉक्सप्रो या तशाच जुन्या सॉफ्टवेअरचं स्वतःचं, किंवा एसक्यूएल सर्व्हर, मायएसक्यूएल, पोस्टग्रेस. त्यावर आपल्याला दिसणारे फॉर्म, रिपोर्ट आणि बटणांमागचा कोड. आणि सगळ्याच्या खाली विंडोज, पीसी, नेटवर्कची केबल. बहुतेक ऑफिसांत दुखणं यातल्या एकाच थराला असतं, आणि कोटेशन मात्र चारही थरांचं येतं.

नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत राहणाऱ्याला हे वेगळं समजावावं लागत नाही. गच्ची गळते म्हणून कुणी लगेच इमारत पाडत नाही. आधी स्ट्रक्चरल ऑडिट होतं, वॉटरप्रूफिंगवर भागेल की कॉलमच गेलेत ते बघतात, आणि मग दुरुस्ती की पुनर्विकास ते ठरतं. डेटाबेसच्या बाबतीतही आधी कुठला थर खचलाय ते बघायचं.

इंजिनचा थर समजून घ्यायला रेकॉर्ड रूमचं उदाहरण घ्या. ॲक्सेस किंवा फॉक्सप्रो ही फाइलवर चालणारी पद्धत आहे. समजा एखाद्या कचेरीतल्या रेकॉर्ड रूमला कुलूपच नाही. ज्याला नोंद हवी तो आत जातो, रजिस्टर उघडतो, स्वतःच्या हातानं लिहितो आणि परत ठेवतो. माणसं तीन असतील तर काम झपाट्यानं होतं. पण त्यातला एक लिहिता लिहिता चक्कर येऊन पडला तर? पान अर्धवट राहतं आणि नोंद पुरी झाली की नाही हे पुढच्याला कळत नाही. संगणकाला चक्कर येते ती वीज गेली की, वायफाय तुटलं की, किंवा घाईत कुणी पीसीचं बटण दाबून बंद केला की. शेअर फोल्डरमधली ती एकुलती फाइल मग उघडत नाही, 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' करावं लागतं, आणि कधी कधी त्यानंही भागत नाही. म्हणून ॲक्सेसची फाइल वायफायवरून वापरू नका असं मी प्रत्येक ऑफिसला सांगतो. केबल ओढायला दीड-दोन हजार जातील, पण निम्मी दुखणी तिथेच थांबतात.

सर्व्हरची पद्धत वेगळी. रेकॉर्ड रूमला कुलूप, बाहेर खिडकी, आणि आत जाण्याची परवानगी फक्त कारकुनाला. तुम्ही चिठ्ठी द्यायची, तो आत जाऊन नोंद करतो आणि उत्तर आणून देतो. शिवाय पक्क्या रजिस्टरला हात लावण्याआधी तो कच्च्या वहीत लिहून ठेवतो की आता मी अमुक करतोय. मध्येच दिवे गेले तर परत आल्यावर तो कच्ची वही उघडतो, जे काम पुरं झाल्याची खूण आहे ते पक्क्यात उतरवतो, जे अर्धवट आहे ते रद्द करतो. या कच्च्या वहीला ट्रान्झॅक्शन लॉग म्हणतात. एसक्यूएल सर्व्हर किंवा पोस्टग्रेसवर माहिती नेण्याचं सगळ्यात मोठं कारण माझ्या मते ही कच्ची वही. वेग, नवे फॉर्म वगैरे त्यानंतर.

फाइल-पद्धतीला आणखी एक भिंत आहे. ॲक्सेसची फाइल २ जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही. फॉक्सप्रोच्या एकेका टेबलालाही हीच मर्यादा. नुसत्या आकड्यांनी आणि नावांनी एवढी फाइल भरायला आयुष्य जाईल, पण फॉर्ममध्ये फोटो चिकटवण्याची सोय कुणी केली असेल तर दोन-तीन वर्षांतच ती फुगते. तुमच्या फाइलवर राइट-क्लिक करा आणि आकार बघा. दीड जीबीच्या वर असेल तर निर्णय लांबणीवर टाकण्यासारखा उरलेला नाही.

मुदत संपते म्हणजे काय होतं

विकणारी माणसं हमखास सांगतात की सपोर्ट संपला, आता धोका आहे. हे अर्धं खरं आहे. मुदत संपली त्या दिवशी काहीच बंद पडत नाही. व्हिज्युअल फॉक्सप्रोचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं जानेवारी २०१५ मध्ये थांबवला, तरी त्यावरचे प्रोग्राम आजही कितीतरी दुकानांत बिलं छापतायत. ऑफिस २०१० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२० मध्ये संपला, ऑफिस २०१३ चा एप्रिल २०२३ मध्ये, आणि १४ ऑक्टोबर २०२५ या एकाच दिवशी ऑफिस २०१६, ऑफिस २०१९ आणि विंडोज १० अशा तिघांचाही. एसक्यूएल सर्व्हर २०१२ ची मुदत जुलै २०२२ ला, २०१४ ची जुलै २०२४ ला संपली. २०१६ ची १४ जुलै २०२६. पोस्टग्रेसचा नियम सरळ आहे: प्रत्येक मोठ्या आवृत्तीला पाच वर्षं.

थांबतं ते इतकंच की नंतर सापडलेली भोकं बुजवून मिळत नाहीत. हे किती महत्त्वाचं ते मे २०१७ मध्ये दिसलं. वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसनं जगभरचे संगणक कुलूपबंद केले. तो शिरला विंडोजच्या फाइल-शेअरिंगच्या एका जुन्या पद्धतीतून, एसएमबी-१ मधून. त्या भोकाचं ठिगळ मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी ते लावलं ते वाचले. शेअर फोल्डरवर चालणारा ॲक्सेसचा प्रोग्राम नेमका या फाइल-शेअरिंगवर उभा असतो. त्यामुळे जुना संगणक इंटरनेटला जोडलेला असेल, त्यावर ईमेल उघडली जात असेल, तर सपोर्टची तारीख तुमच्यासाठी खरी आहे. तोच संगणक एकटा, इंटरनेटविना, फक्त जुन्या नोंदी बघायला ठेवला असेल तर त्या तारखेची मला फारशी काळजी वाटत नाही.

मुदतीपेक्षा मला जास्त भीती वाटते ती पुढच्या पायरीची: नवं सॉफ्टवेअर जुन्याला ओळखेनासं होतं. ॲक्सेस ९७ ची फाइल ॲक्सेस २०१३ पासून पुढच्या कुठल्याही आवृत्तीत उघडत नाही. मध्ये २०१० किंवा त्याआधीची एखादी आवृत्ती शोधून तिच्यातून ती बदलून घ्यावी लागते. एसक्यूएल सर्व्हर २००० चा बॅकअप २०१२ मध्ये थेट चढत नाही, २००५ किंवा २००८ ची पायरी मध्ये लागते. विंडोजच्या आधीच्या डॉसवरचा जुना फॉक्सप्रो आजच्या ६४-बिट विंडोजवर तसाच चालत नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४-बिटच मिळतं. म्हणजे जिन्याच्या पायऱ्या एकेक करून निखळतात. आज दोन उड्यांत पार होणारं अंतर पाच वर्षांनी पार करायचं तर मधल्या पायरीची सीडी कुणाच्या कपाटात सापडते का, हे शोधत फिरावं लागतं.

वर्कशॉपमध्ये हेच झालं होतं. मालकांनी हौसेनं नवा पीसी आणला, विंडोज ११, नवं ऑफिस. २००२ ची फाइल उघडली, नोंदी दिसल्या, सगळ्यांना हायसं वाटलं. मग तारखेच्या रकान्याशेजारचं कॅलेंडरचं बटण दाबलं आणि एरर आला. ते कॅलेंडर म्हणजे ऑफिससोबत मिळणारा एक वेगळा तुकडा होता आणि ऑफिस २०१० पासून तो देणंच बंद झालंय. बिल छापायच्या बटणामागचा कोडही ३२-बिटच्या, म्हणजे जुन्या पिढीच्या संगणकांच्या काळातला, त्यामुळे तोही चालेना. म्हणजे माहितीचा थर ठणठणीत, फॉर्मचा थर मोडलेला. हे एवढं निदान झालं तेव्हा सगळं नव्यानं बनवून देण्यासाठी आलेल्या चार लाखांच्या कोटेशनकडे बघण्याची आमची नजरच बदलली.

बदलण्याची खोटी कारणं आणि खरी

फॉर्म राखाडी आणि जुनाट दिसतात, हे कारण नाही. शेजारच्या गाळ्यात क्लाउडवर घेतलं, हेही नाही. 'स्लो झालंय' हे कारण तर मी नेहमी तपासून बघतो. महापेच्या एका गोदामात मालाचा मासिक रिपोर्ट यायला अकरा मिनिटं लागायची, आणि त्यांनी नवा सर्व्हर घ्यायचं जवळजवळ नक्की केलं होतं. टेबल उघडून बघितलं तर चलन क्रमांकाच्या रकान्याला इंडेक्सच नव्हता. इंडेक्स म्हणजे पुस्तकामागची सूची. ती नसेल तर एक शब्द शोधायला अख्खं पुस्तक पहिल्यापासून वाचावं लागतं. सूची बनवली, रिपोर्ट काही सेकंदांत आला. खर्च शून्य.

खऱ्या कारणांत माझ्या यादीत पहिलं येतं ते बॅकअप परत न उघडणं. इथे जरा थांबतो, कारण यात मी माणसांना रडताना पाहिलंय.

एका ऑफिसात दर शनिवारी एक ताई न चुकता पेन ड्राइव्हवर बॅकअप घ्यायच्या. तीन वर्षं, एकही शनिवार चुकला नाही. हार्ड डिस्क गेली तेव्हा पेन ड्राइव्ह उघडला. प्रत्येक शनिवारची फाइल होती, आणि प्रत्येक फाइल २ केबीची. ताई डेस्कटॉपवरचा आयकॉन कॉपी करत होत्या. तो शॉर्टकट होता, मूळ फाइलकडे बोट दाखवणारी नुसती पाटी. माहिती त्यात कधीच नव्हती. ताईंची यात काही चूक नव्हती, त्यांना जसं शिकवलं तसं त्यांनी मनापासून केलं. ती प्रत परत उघडून बघायला त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून माझं सांगणं: अपग्रेडचा विचार करण्याआधी एक दिवस काढा. सगळ्यांना प्रोग्राममधून बाहेर यायला सांगा, कारण उघड्या फाइलची कॉपी अर्धवट उतरू शकते. फाइलची प्रत घ्या, ती दुसऱ्याच संगणकावर न्या, तिथे उघडा, आणि कालचं शेवटचं बिल दिसतंय का बघा. दिसलं तर पुढचं सगळं निवांत ठरवता येईल. नाही दिसलं तर नवं सॉफ्टवेअर राहू द्या बाजूला, आधी हे नीट करा. सर्व्हरवर असाल तरी हीच परीक्षा. एसक्यूएल सर्व्हरची मोफत मिळणारी एक्स्प्रेस आवृत्ती छोट्या ऑफिसाला छान पुरते, पण तिच्यात वेळापत्रकानं आपोआप बॅकअप घेणारा भाग नसतो. ती व्यवस्था विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून वेगळी लावावी लागते. लावलेली नसते, आणि सर्व्हर आहे म्हणून सगळे निर्धास्त असतात.

दुसरं खरं कारण, प्रोग्राम नव्या पीसीवर बसत नाही आणि जुना पीसी शेवटचा उरलाय. तिसरं, अर्थ जाणणारा माणूस एकच उरलाय. या तिसऱ्याला कोटेशनमध्ये कधी जागा नसते, आणि माझ्या लेखी ते सगळ्यात घाईचं. सीडी शोधून मिळते, कोड नव्यानं लिहून मिळतो. ९ चा अर्थ मात्र एकाच डोक्यात असतो.

मराठीतली माहिती: इथे सांभाळून

तुमच्या डेटाबेसात नावं-पत्ते मराठीत असतील तर हा भाग दोनदा वाचा. कोपरखैरण्याच्या एका पतसंस्थेच्या सभासदांची यादी हलवताना मी हे अंगावर घेतलंय.

२००० च्या आसपासच्या बहुतेक मराठी नोंदी युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, नाहीत. त्या श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या सॉफ्टवेअरच्या किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टच्या भरवशावर टाइप केलेल्या आहेत. कृतिदेवचं उदाहरण देतो. पडद्यावर तुम्ही 'राम' वाचता, पण फाइलमध्ये साठवलेली असतात जे, के, ई ही तीन इंग्रजी अक्षरं. फॉन्ट जे ला र चं रूप देतो, के ला कान्याचं आणि ई ला म चं. फॉन्ट काढला की अर्थ गेला. ही माहिती जशीच्या तशी नव्या डेटाबेसात ढकलली तर सभासदांची नावं म्हणून इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. त्यासाठी रूपांतर करणारी साधनं आहेत, पण प्रत्येक फॉन्टची सांकेतिक मांडणी वेगळी असते, आणि एकाच टेबलात दोन फॉन्ट वापरलेले मी पाहिलेत, कारण मध्ये टायपिस्ट बदलला होता.

युनिकोड झाल्यावरही काम संपत नाही. 'वऱ्हाडकर' हे आडनाव घ्या. त्यातला अर्धा ऱ दोन वेगवेगळ्या प्रकारांनी साठवता येतो, दिसतो मात्र एकसारखाच. एका प्रकारानं साठवलेला सभासद दुसऱ्या प्रकारानं शोधलात तर संगणक सांगतो, असा माणूसच नाही. 'ॲड.' या उपाधीचंही तेच. ॲ हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी अ वर चंद्र देऊन काम भागवायचे. जुन्या नोंदींत जुना प्रकार, नव्यांत नवा. हलवतानाच सगळं एका प्रकारात आणून घ्यायचं, नंतर नाही.

अनुक्रमाचंही बघा. युनिकोडच्या तक्त्यात ळ बसलाय ल च्या लगेच पुढे. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. क्ष आणि ज्ञ शेवटी येतात, पण संगणकाला न सांगितल्यास क्ष ची नावं क मध्ये जाऊन बसतात. इंजिनला भाषा कोणती ते सांगण्याची सोय असते, तिला कोलेशन म्हणतात. ते सुरुवातीलाच ठरवा.

आणि सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट. एसक्यूएल सर्व्हरमध्ये मजकुराचा रकाना 'व्हारकॅर' ठेवला आणि तसं खास कोलेशन दिलं नाही, तर देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं साठवली जातात. दिसायला प्रश्नचिन्हं असं नाही, खरोखरच प्रश्नचिन्हं. मूळ अक्षरं परत मिळत नाहीत. रकाना 'एनव्हारकॅर' हवा. एका अक्षराचा फरक आहे, पण तो चुकला तर हजारो माणसांची नावं जातात. बरं, आम्ही तिथे आधी पन्नास नावं हलवून बघितली होती, म्हणून वाचलो.

तारखांबद्दलही एक वाक्य. ॲक्सेसच्या क्वेरीत, म्हणजे माहिती शोधायच्या हुकुमात, तारीख अमेरिकी पद्धतीनं, महिना आधी, वाचली जाते. ०५/०६ लिहिलं तर आपल्यासाठी ५ जून, त्याच्यासाठी ६ मे. पण १३/०६ ला तेरावा महिना नसतो म्हणून ॲक्सेस ती तारीख मुकाट्यानं १३ जून धरतो. म्हणजे काही तारखा बरोबर, काही चूक, आणि कुठेही एरर नाही. जुन्या रिपोर्टमध्ये अशा चुका वर्षानुवर्षं दडलेल्या असू शकतात. नव्यात आल्यावर बेरीज जुळली नाही तर दोष दरवेळी नव्याचाच असेल असं धरू नका.

मग करायचं काय

सगळं पाडून नवं बांधणं हा एक रस्ता. पण त्याच्या अलीकडे दोन-तीन थांबे आहेत, आणि लहान ऑफिसांचं काम बहुधा तिथेच होतं.

पहिला थांबा: ॲक्सेसची फाइल दोन भागांत तोडणं. माहिती एका फाइलमध्ये, ती शेअर फोल्डरवर. फॉर्म आणि रिपोर्ट दुसऱ्या फाइलमध्ये, तिची एकेक प्रत प्रत्येकाच्या पीसीवर. ही सोय ॲक्सेसमध्येच आहे. फाइल बिघडण्याचं प्रमाण यानं लक्षणीय उतरतं.

दुसरा थांबा मला सगळ्यात आवडतो. माहिती सर्व्हरवर न्यायची, फॉर्म तेच ठेवायचे. एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस किंवा पोस्टग्रेस, दोन्ही मोफत, एका बऱ्याशा पीसीवर बसतात. ॲक्सेसमधून एसक्यूएल सर्व्हरमध्ये माहिती हलवण्यासाठी मायक्रोसॉफ्टचंच एक मोफत साधन आहे. जुने फॉर्म ओडीबीसी नावाच्या दुव्यानं नव्या टेबलांना जोडले जातात. ऑफिसातल्या माणसांना सकाळी तोच ओळखीचा पडदा दिसतो, आणि आत कच्ची वही ठेवणारा कारकून बसलेला असतो. फॉर्म मग सवडीनं, एकेक करून बदला.

तयार सॉफ्टवेअर किंवा महिन्याच्या भाड्यावरचं क्लाउड घेणार असाल तर खरेदीआधी एकच गोष्ट लेखी मागा: उद्या आम्ही सोडून गेलो तर आमची सगळी माहिती, सगळ्या वर्षांची, कुठल्या स्वरूपात आणि किती दिवसांत मिळेल? पीडीएफ मिळेल असं उत्तर आलं तर निघून या. पीडीएफमधली माहिती वाचता येते, पुढच्या डेटाबेसात सहजासहजी नेता येत नाही.

काहीच न बदलणं हाही सन्मान्य पर्याय आहे, अट एवढीच की ते ठरवून केलेलं असावं. प्रत परत उघडून पाहिलेली, संगणक इंटरनेटपासून तोडलेला, वर्षातून एकदा सगळी टेबलं साध्या सीएसव्ही फाइलमध्ये काढून ठेवलेली. सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर. तो कुठल्याही काळातल्या कुठल्याही संगणकावर उघडेल.

कायद्याचं थोडक्यात. तुमची कंपनी कंपनी कायद्याखाली नोंदलेली असेल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरनं प्रत्येक बदलाचा माग ठेवणं बंधनकारक आहे, आणि तो बंद करता येता कामा नये. २००२ च्या ॲक्सेस प्रोग्रामात ते नसणारच. हिशेबाची पुस्तकं कंपनीला आठ वर्षं जपावी लागतात. जीएसटीच्या नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने. म्हणजे नवं घेतलं तरी जुनं वाचता येण्यासारखं ठेवणं भाग आहे. आपल्या सीएंना बैठकीत बसवा.

आणि वेळ. मार्चमध्ये हात लावू नका. जीएसटी रिटर्नच्या ११ आणि २० तारखांच्या आसपास नको. गणपतीच्या आठवड्यात निम्मं ऑफिस कोकणात असतं, तेव्हाही नको. एक अख्खा महिना जुनं आणि नवं दोन्ही चालवायचंय हे धरून तारीख काढा. हा दुहेरी महिना कोटेशनमध्ये नसतो, पण माणसांना तेवढे दिवस तासभर उशिरा घरी जावं लागतं. त्यांना ते आधी सांगा आणि त्याचे पैसे द्या.

वर्कशॉपमध्ये शेवटी दुसरा थांबा निवडला. पण सर्व्हर बसवण्याआधी तीन शनिवार काकांसोबत बसलो. मालकांची मुलगी एका वहीत लिहीत होती, काका सांगत होते. स्थितीच्या रकान्यात एकूण अकरा आकडे निघाले, फॉर्मवर त्यातले सहाच होते. गिऱ्हाइकाच्या नावापुढे टिंब असेल तर उधारी द्यायची नाही. जॉब नंबर ५०,००० पासून सुरू होत असेल तर तो पंप वर्कशॉपमध्ये आलाच नव्हता, माणसं साइटवर जाऊन दुरुस्त करून आली होती. काका सांगताना मध्येच थांबायचे, "हे तर सगळ्यांना माहितीच असणार," म्हणायचे, आणि ते कुणालाच माहीत नसायचं. वहीची सत्तावीस पानं झाली.

मग माहिती हलवली आणि दर वर्षाची बिलांची बेरीज जुन्यात आणि नव्यात ताडून पाहिली. बावीस वर्षं रुपयाला रुपया जुळली. २०११ मध्ये ४,२०० रुपयांचा फरक आला. दोन दिवस शोधलं. काकांनी जुनी बिलबुकं काढली, चष्मा कपाळावर सरकवला आणि एक पान पुढे केलं. त्या वर्षी एक बिल दोनदा टाकलं गेलं होतं, दुसऱ्यावर काकांनी पेनानं 'रद्द' लिहिलं होतं, आणि प्रोग्रामात रद्दची सोय नसल्यामुळे स्थितीत ९ टाकला होता.

"म्हणजे ९ चे अर्थ दोन," मुलगी म्हणाली, आणि वहीत मागे जाऊन पहिल्या पानावरची ओळ दुरुस्त केली.